पानसे-सुखात्मे आठवतात, मग बाकीचे का नाही?

प्रति,
परभणी जिल्ह्यातील एक ज्येष्ठ संशोधन मार्गदर्शक

सर,


तुमचं आणि तुमच्या संस्थेचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. वाचताना तुम्हाला कळेलच. तुमच्यासारखे आणखी कितीतरी आहेत, त्यांनाही आपापलं कळेल.

तुमच्या हाताखाली झालेला सोयाबीनवरचा प्रबंध मी वाचला. सुरुवात ऋणनिर्देशापासून केली, कारण माणसाची नियत तिथे दिसते. अधिष्ठाता आहेत, विभागप्रमुख आहेत, सल्लागार समितीतले सगळे आहेत. प्लॉटवर खुरपणी करणाऱ्या बाया आहेत, वसतिगृहातले मित्र आहेत, मेसच्या मावशी आहेत, रात्री जागून प्रबंध टाइप करून देणारे काकाही आहेत. सगळे असायलाच हवेत. मग 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण उघडलं. तिथे सांख्यिकी विश्लेषणाला तुम्ही एक ओळ दिली आहे: माहितीचं विश्लेषण पानसे व सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार केलं. पुढे कंसात साल. खेळ खलास.

सर, ते आकडे पानसे आणि सुखात्मे यांनी सोडवून दिले का?

विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. दोघांचं शेती संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढलं आणि तेव्हापासून या देशातल्या कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्यांचं नाव लिहिता हे योग्यच करता. पण त्यांनी सांगितलेली आकडेमोड करायला तुमच्या विद्यार्थ्याने हातात कागद-पेन्सिल घेतली नव्हती. तो रात्री लॅपटॉप उघडून बसला होता. मला ठाऊक आहे, कारण अडल्यावर तो माझ्याकडे आला होता. आकडे आधी त्याने ओपीस्टॅट या सांख्यिकी सॉफ्टवेअरवर टाकले. मग ट्रीटमेंटच्या सरासरीपुढे ए, बी, सी अशी अक्षरं हवी होती म्हणून आर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरलं, आणि आरमधलं 'ॲग्रिकोले' हे पॅकेज वापरलं. प्रबंधात या तिघांपैकी एकाचंही नाव नाही. मी त्याला विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "सर म्हणाले, फुकटच्या गोष्टींची नावं लिहून प्रबंधाचं वजन कमी करू नको."

हे वाक्य तुमचं आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ज्यांची नावं लिहिल्याने तुमच्या प्रबंधाचं वजन कमी होतं, त्या गोष्टी काय आहेत ते एकदा पाहू. ओपीस्टॅट हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठात तयार झालं. ओ. पी. श्योराण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याबद्दलचा लेख १९९८ साली छापला आहे. म्हणजे संदर्भसूचीत टाकायला रीतसर ओळ तयार आहे, ती शोधायलाही कष्ट नाहीत. ट्रीटमेंट किती, रेप्लिकेशन किती ते टाकायचं, एक्सेलमधले आकडे उचलून पांढऱ्या चौकोनात चिकटवायचे आणि बटण दाबायचं. क्षणात ॲनोव्हाचा तक्ता येतो आणि खाली सी.डी., एसई(एम), एसई(डी), सी.व्ही. अशा ओळी. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्याखाली याच ओळी याच क्रमाने आहेत. तुम्ही फक्त कर्त्याचं नाव गाळलंत. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

आणि आर? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी ते विद्यार्थ्यांना शिकवता यावं म्हणून सुरू केलं. १९९५ साली त्यांनी त्याचा कोड जगासाठी खुला केला आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी पहिली पक्की आवृत्ती आली. त्यांना हवं असतं तर कंपनी काढून विकता आलं असतं. आज जगभरची माणसं, त्यातली बरीचशी आपली नोकरी सांभाळून, त्यासाठी पॅकेजं लिहितात, चुका दुरुस्त करतात, अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. ॲग्रिकोले लिहिणारे फेलिपे दे मेंदिबुरू पेरू देशातल्या लिमा शहरातले. शेतीच्या प्रयोगांची रचना आणि विश्लेषण सोपं व्हावं म्हणून त्यांनी आपल्या प्रबंधाचं काम म्हणून हे सुरू केलं आणि पुढे सगळ्यांना देऊन टाकलं. लिमाच्या त्या माणसाने परभणीतल्या काळ्या रानातल्या सोयाबीनची एलएसडी (किमान लक्षणीय फरक) काढून दिली आणि परभणीच्या प्रबंधात त्याला एका ओळीची जागा मिळाली नाही.

तुम्ही म्हणाल, नाव कसं लिहायचं तेच ठाऊक नव्हतं. हेही चालणार नाही. आर उघडल्यावर पहिल्या पडद्यावर काय येतं ते तुम्ही कधी वाचलंत का? हे सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि त्याची कसलीही हमी नाही, असं आधी सांगितलेलं असतं. मग हे अनेकांनी मिळून केलेलं काम आहे असं सांगून, लेखात आरचा किंवा त्याच्या पॅकेजचा संदर्भ कसा द्यायचा ते कळण्यासाठी कोणती आज्ञा टाकायची, तेही तिथेच लिहिलेलं असतं. सायटेशन हा शब्द आणि पुढे रिकामा कंस. एंटर दाबलं की लेखक म्हणून आर कोअर टीम, साल, शीर्षक, आर फाउंडेशन, व्हिएन्ना अशी अख्खी ओळ समोर येते. कंसात ॲग्रिकोलेचं नाव टाकलं की त्याची ओळ येते. कॉपी करून चिकटवायची. आरची माणसं तुमच्याकडे ही एक गोष्ट मागतात आणि तीही स्वतः टाइप करून हातात देतात. एवढं असूनही तुमच्या संस्थेतल्या प्रबंधांत ती दिसत नाही, तर ती अज्ञानाने राहिली असं मी मानणार नाही.

तुमच्याच संस्थेतला आणखी एक प्रबंध मला याहून जास्त खटकला. विश्लेषण आरवर झालेलं आणि छापलंय काय, तर एसपीएसएस हे विकतचं सॉफ्टवेअर. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मोठ्या कंपनीचं नाव असलं की बाह्य परीक्षक प्रश्न विचारत नाहीत, असं त्याला समजावण्यात आलं. संस्थेकडे त्याचा परवाना नाही. ही नुसती कृतघ्नता नाही, सर, हे खोटं बोलणं आहे. पद्धतीच्या प्रकरणात खोटं लिहायला शिकलेला मुलगा पुढे उत्पादनाच्या तक्त्यात खोटं लिहिणार नाही, अशी खात्री तुम्ही देऊ शकता का?

हा रोग फक्त परभणीचा नाही, हे मला मान्य आहे. अमेरिकेतल्या जेम्स हॉविसन आणि ज्युलिया बुलार्ड यांनी जीवशास्त्रातले ९० लेख तपासून २०१६ साली निष्कर्ष छापले. त्या लेखांत सॉफ्टवेअरचे जे उल्लेख होते, त्यांपैकी रीतसर संदर्भ दिलेले होते फक्त ३१ ते ४३ टक्के. बाकी ठिकाणी कुठेतरी ओझरतं नाव. जग बेइमान आहे म्हणून आपणही बेइमान राहावं, असं तुम्ही विद्यार्थ्यांना सांगणार असाल तर मग बोलणंच खुंटलं.

तुम्हाला संदर्भाची किंमत कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. ती तुमच्याइतकी कुणाला कळते? कुठलं मासिक निवडायचं हे तुम्ही राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं (नास) रेटिंग बघून ठरवता. स्वतःचा एच-इंडेक्स तुम्हाला तोंडपाठ असतो. दुसऱ्या विद्यापीठातल्या कुणी तुमच्या वाणाचा उल्लेख करून तुमचा लेख संदर्भात टाकला नाही, तर महिनाभर तुम्ही ते विसरत नाही. बढतीच्या फाइलीत किती लेख आणि किती संदर्भ, हे मोजलं जातं. मग कोड लिहिणाऱ्याच्या फाइलीत काय मोजायचं? त्यालाही पोट आहे, त्यालाही बढती हवी असते, त्यालाही पुढच्या प्रकल्पासाठी निधी मागताना दाखवावं लागतं की हे कोण वापरतं. तुम्ही नाव गाळलंत की त्याच्या बाजूने शून्य.

त्या शून्याचं काय होतं ते सांगतो. नमपाय नावाचं पायथनमधलं सॉफ्टवेअर आहे. आकड्यांचे मोठे तक्ते हाताळायला जगातल्या असंख्य प्रयोगशाळा त्यावर उभ्या आहेत. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्यामागच्या गणितातही ते होतं. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००६ सालची आणि त्याच्या विकासासाठी पहिला स्वतंत्र निधी मिळाला तो २०१७ साली. मधली ११ वर्षं मूठभर माणसांनी ते हौसेवर आणि रात्रीच्या जागरणांवर चालवलं. डेन्मार्कच्या ओले टांगे यांनी तर आपल्या 'ग्नू पॅरलल' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सूचनाच घातली की संशोधनात वापराल तर माझ्या २०११ च्या लेखाचा संदर्भ द्या, आणि तो द्यायचा नसेल तर १०,००० युरो भरा. पुष्कळ लोक त्यांच्यावर चिडले. मला त्यांचं वागणं बरोबर वाटतं. देणाऱ्याला इतकं जोरात मागावं लागतं, याची लाज घेणाऱ्याला वाटायला हवी.

आता परभणीचं बोलू. या गावाला नावाची किंमत शिकवायची गरज नाही. मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी इथे उभं राहिलं. पुढे त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. तिथे जांभळे आणि नेरकर यांनी रानभेंडीच्या जातीशी संकर करून हळद्या रोगाला दाद न देणारी भेंडी तयार केली. तिचं नाव परभणी क्रांती. त्यांचा १९८६ चा लेख भेंडीवर काम करणाऱ्यांना आजही संदर्भासाठी लागतो. आपल्या गावाचं नाव देशभरच्या शेतकऱ्याच्या तोंडी गेलं ते असं. उद्या कुणी परभणी क्रांतीचं बी पिशवीत भरून, तिच्यावरचा टॅग काढून, आपल्या प्रयोगात 'भेंडीचं एक बी' असं लिहून वापरलं, तर तुम्ही काय कराल? तुम्हीच वर्गात शिकवता की पैदासकार बियाण्याला पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, आणि टॅग नसलेली पिशवी शेतकऱ्याने घरात घेऊ नये. तुमच्या प्रबंधातला प्रत्येक तक्ता ही टॅग फाडलेली पिशवी आहे.

श्रेय हिरावलं की माणसाचं काय होतं हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यातल्या भातातून वेगळी लोंबी निवडून, वर्षानुवर्षं जपून एचएमटी हा वाण घडवला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तो शुद्ध करून १९९८ साली पीकेव्ही एचएमटी या नावाने प्रसारित केला. त्या तांदळाने कितीतरी घरांत पैसा आणला. दादाजींच्या वाट्याला उशिरा सन्मान आले, पैसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते हलाखीतच गेले. तेव्हा आपण सगळे हळहळलो. तुम्हीही हळहळला असाल. मग हिसारच्या, लिमाच्या, ऑकलंडच्या माणसाशी तसंच वागताना हात कसा कचरत नाही?

पण मला जास्त काळजी आहे ती दादाजींसारख्याच इथल्या शेतकऱ्याची. तुमचा प्रबंध नुसता कपाटात राहत नाही. त्यातला निष्कर्ष कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्को बैठकीसमोर शिफारस म्हणून जातो, मंजूर झाला की कृषी दैनंदिनीत छापला जातो, आणि जिंतूर-पाथरी-पालमचा शेतकरी ती दैनंदिनी बघून पेरणीचं अंतर आणि खताची मात्रा ठरवतो. त्या शिफारशीमागे सी.डी.चा (क्रिटिकल डिफरन्सचा) एक आकडा उभा असतो. तो बरोबर आहे की नाही हे कुणी कसं तपासायचं?

तुमच्याच प्रयोगाचं घ्या. ८ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन, २४ प्लॉट. आरबीडी म्हणजे यादृच्छिक गट रचनेमध्ये ट्रीटमेंटची डिग्री ऑफ फ्रीडम ७, रेप्लिकेशनची २ आणि एररची १४ यायला हवी. विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पडद्यावर १, १ आणि २१ होतं. कारण साधं होतं. त्याने ट्रीटमेंटला १ ते ८ आणि रेप्लिकेशनला १ ते ३ असे आकडे दिले होते आणि हे वेगवेगळे गट आहेत, असं आरला सांगितलंच नव्हतं. आरने ते मोजमापाचे आकडे समजून गणित केलं. कुठेही लाल अक्षरात चूक आली नाही, तक्ता सुबक आला, लक्षणीयतेचे तारेही आले. त्या रात्री ते लक्षात आलं नसतं, तर चुकीच्या एररवरून काढलेल्या आकड्यावर शिफारस गेली असती. परिशिष्टात त्याचा दहा ओळींचा कोड असता, तर आरबीडी जाणणाऱ्या कुणालाही ही चूक मिनिटभरात दिसली असती. प्रबंधात नुसतं 'पानसे व सुखात्मे' लिहिल्यावर कुणाला दिसणार?

आवृत्तीचा क्रमांकही याचसाठी लिहायचा असतो. २०१९ मध्ये आरची ३.६.० ही आवृत्ती आली, तेव्हा यादृच्छिक निवड करण्याची आतली रीत बदलली. तोच कोड, तोच बीजांक टाकून जुन्या आवृत्तीवर प्लॉटांची मांडणी केली तर एक येते, नव्यावर दुसरी. आवृत्ती लिहिली नसेल तर पाच वर्षांनी तुमचाच दुसरा विद्यार्थी तुमचाच प्रयोग पुन्हा मांडू शकणार नाही. आणि उद्या एखाद्या पॅकेजमध्ये मोठी चूक सापडली, तर कोणकोणते निष्कर्ष पुन्हा तपासायचे हे कुणालाच कळणार नाही, कारण कुणी काय वापरलं ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

नाव लिहिणं ही पहिली पायरी. मला तुमच्याकडून त्याहून जास्त हवं आहे. हे काम आता आपल्या आसपासही होतंय. गोव्यात एला इथल्या आयसीएआरच्या केंद्राने 'वास्प' तयार केलं. केरळ कृषी विद्यापीठातून 'ग्रेप्स' आलं. त्याच्या पोटात आर आहे आणि त्यावरचा लेख २०२१ साली, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना रीतसर श्रेय मिळावं म्हणून २०१६ पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'मध्ये छापला आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्रभू रामचंद्रन यांचं 'मायावी' हे त्रिमिती चित्रणाचं सॉफ्टवेअर जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर शिकवलं जातं. मग ज्या मराठवाड्यात दरवर्षी इतके प्रबंध होतात, तिथून एक पॅकेज का येऊ नये? कोरडवाहू ज्वारी-तुरीच्या आंतरपीक प्रयोगांचं विश्लेषण करणारं पॅकेज लिहायला परभणीहून लायक जागा कोणती? तुमच्या विभागात कोड लिहिणारी पोरं आहेत. मी त्यांना ओळखतो. ती मुलं कोड लिहीत नाहीत, कारण त्यांना दिसतं की सर त्याला काम समजत नाहीत.

प्रकल्पाचा प्रस्ताव करताना तुम्ही खुर्च्या, प्रिंटरची शाई, प्रवासभत्ता सगळं मांडता. त्यात जे सॉफ्टवेअर वापरणार त्याच्या देखभालीसाठी थोडी रक्कम मांडा. नियमात बसत नसेल, तर चूक सापडल्यावर ती कर्त्याला नीट लिहून कळवा. वापरायची रीत मराठीत लिहून काढा, म्हणजे पुढच्या वर्षी सोनपेठ-गंगाखेडहून येणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या भीतीने अडायला नको. आरच्या फाउंडेशनला वैयक्तिक देणगी देता येते. प्रबंधाच्या बांधणीला आणि तोंडी परीक्षेच्या जेवणावळीला जो खर्च होतो, त्यातला एक वाटा तिकडे गेला तर कुणाचं काही अडणार नाही.

यंदाचे प्रबंध अजून बांधणीला गेलेले नाहीत. तुमच्या टेबलावर किती पडलेत ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला बोलावा आणि तुमच्यासमोर ती सायटेशनची आज्ञा टाकायला लावा. आलेली ओळ संदर्भसूचीत जाऊ द्या, आवृत्ती पद्धतीच्या प्रकरणात जाऊ द्या, कोड परिशिष्टात जाऊ द्या. पानसे आणि सुखात्मे यांचं नाव आहे तिथेच राहू द्या. एका प्रबंधाला अर्धा तास लागेल.

आणि हे पत्र वाचणारे जे बाह्य परीक्षक म्हणून परभणीत, लातुरात, बदनापुरात किंवा राज्यात कुठेही तोंडी परीक्षेला जाणार आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिला प्रश्न एवढाच विचारा: हे आकडे कशावर सोडवले, आणि त्याचं नाव कोणत्या पानावर आहे? पान दाखवता आलं नाही तर प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवा.

कळावे,
सांख्यिकी शिकवणारा एक परभणीकर